पोटाला बांधायची बाळंतीण: नर्सिंगच्या स्किल लॅबसाठी मामानॅटली

बाळ रडलं, वार पडली, विद्यार्थिनीने सुस्कारा सोडला आणि नोंद करायला वही ओढली. त्याच क्षणी टेबलावर टेकून बसलेल्या ‘बाळंतिणी’ने चादरीखाली हात घालून रक्ताच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. आवाज झाला नाही, मॉनिटर किंचाळला नाही. वहीतून नजर वर येईपर्यंत खालचा किडनी ट्रे भरत आला होता. प्रसूती झाली म्हणजे काम संपलं, हा समज पुस्तकातल्या दहा पानांनी मोडत नाही. या ट्रेने मोडतो. मामानॅटली घ्यावं की नाही, हे ठरवताना आधी हे लक्षात घ्यावं.

मामानॅटली हे प्रसूती शिकवायचं डमी नॉर्वेतल्या लेअर्डल ग्लोबल हेल्थचं आहे. 1960 मध्ये सीपीआर शिकवणारी ‘रिससी अ‍ॅन’ ही बाहुली आणणाऱ्या कंपनीची ही ना-नफा तत्त्वावर चालणारी भगिनी संस्था. पण डमी म्हटल्यावर कपाटात आडवा पडलेला प्लॅस्टिकचा धड-पाय असा देखावा डोळ्यांपुढे येत असेल, तर तो पुसावा. हे पोटाला बांधायचं उपकरण आहे. एक शिक्षिका ते पट्ट्यांनी कमरेला आणि खांद्याला आवळून घेते, टेबलावर मागे टेकून बसते, आणि बाळंतीण होते. तोंड तिचं, कण्हणं तिचं, हातपाय तिचे. पोट आणि खालचा भाग तेवढा उपकरणाचा. आत बाळ ठेवायची जागा, नाळेसह वार, लघवीची पिशवी (मूत्राशय), रक्ताची टाकी. बाळाच्या ठोक्यांसाठी हाताने दाबायची टिकटिकी आहे. वीज लागत नाही. संगणकही लागत नाही.

कल्पना तशी जुनी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडं आणि कापूस वापरून प्रसूतीचं ‘यंत्र’ शिवलं होतं. पंधराव्या लुईने 1759 मध्ये तिला देशभर फिरून सुईणींना शिकवण्याची सनद दिली. तिचं एक यंत्र रूआँच्या संग्रहालयात आजही आहे. मामानॅटलीने त्यात भर घातली ती एकच, पण मोलाची: यंत्राच्या मागे जिवंत माणूस बसवला.

या एका गोष्टीचे फायदे-तोटे कळले की बाकीचं परीक्षण सोपं जातं.

बाळ आपोआप येत नाही. आत बसलेली व्यक्ती दोन्ही हातांनी ते खाली सरकवते, त्यामुळे डोकं किती वेगाने बाहेर यावं हे तिच्या हातात असतं. विद्यार्थिनीने डोक्याला आधार न देता नुसतीच ओंजळ धरली, तर बाळ झपकन सुटतं आणि ती चूक तिला तळहातावर कळते. वारेचंही तसंच. नाळ ओढताना दुसऱ्या हाताने ओटीपोटावर, जघनास्थीच्या वर, गर्भपिशवी मागे रोखून धरायची असते. तो हात नसेल तर पिशवी उलटण्याचा धोका. आत बसलेलीला नाळेवरची ओढ जाणवते. वरचा आधार जाणवला नाही, तर ती वार सोडतच नाही. विद्यार्थिनी ओढत राहते, वार हलत नाही, आणि मग ती स्वतःच विचारते, ‘मॅडम, अडकलंय का?’ ‘तुझा डावा हात कुठे आहे?’ हे एवढंच उत्तर पुरतं. महागड्या स्वयंचलित डमीत वार सुटूही शकते. विद्यार्थिनीचा डावा हात खिशात असला तरी.

गर्भपिशवी घट्ट ठेवायची की सैल, हेही आतूनच ठरतं. रक्त जाऊ देणारी सैल पिशवी चोळायला हात ठेवला की तो आत बुडतो आणि नारळासारखं काही लागतच नाही, हा स्पर्श पहिल्यांदा इथे मिळाला तर बरा.

आता प्रत्यक्ष सराव कसा लावायचा, कारण उपकरणाचं निम्मं मोल मांडणीत आहे. सहा ते आठ जणींचा गट पुरे. चौघी कामाला: एक बाळंतिणीपाशी, एक औषधांना, एक बाळाला, एक घड्याळ आणि नोंदीला. उरलेल्या जणी भिंतीला लागून, हातात तपासयादी घेऊन, तोंड बंद. सराव दहा-पंधरा मिनिटांचा, त्यानंतरची चर्चा त्याच्या दुप्पट वेळेची. हे प्रमाण उलटं झालं की सगळं फुकट.

सुरुवातीला एक गोष्ट ठणकावून सांगावी: डमी बांधून बसलेल्या माणसाच्या अंगाला सुई लावायची नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण विद्यार्थिनीला ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळणारं औषध) मांडीत द्यायचं शिकवलेलं असतं, आणि समोरची मांडी खरी असते. घाईत हात तिकडेच जातो. म्हणून इंजेक्शनचा स्पंजाचा पॅड बाळंतिणीच्या शेजारी ठेवावा आणि सलाइनसाठी वेगळा रबरी हात टेबलाच्या कडेला मांडावा. सलाइनच्या त्या हातात खरी सुई, खरी कॅन्युला वापरू द्यावी. हिरवी 18 नंबर किंवा करडी 16 नंबर. निळी 22 नंबर उचलली की तिथेच थांबवावं. अंगावरून जाणाऱ्या बाईला त्या बारीक नळीतून लिटरभर आरएल (रिंगर लॅक्टेटचं सलाइन) कधी पोचायचं?

दुसरा सापळा नाडीचा. विद्यार्थिनी प्रामाणिकपणे शिक्षिकेचं मनगट धरते, 82 मोजते आणि जाहीर करते की नाडी ठीक आहे. रक्तदाबही खराच मोजते. म्हणून नाडी आणि बीपी पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून ठेवावं, आणि तिने मोजायची कृती पूर्ण केली तरच कार्ड दाखवावं. पहिलं कार्ड 92 आणि 110/70, दुसरं 120 आणि 90/60. नुसतं ‘बीपी बघते’ म्हटलं तर कार्ड नाही. दुसऱ्या कार्डावर 120 ला 90 ने भागून पाहायची सवय लावली तर उत्तमच. नाडी वरच्या बीपीच्या पुढे गेली म्हणजे वेळ थोडा उरलाय.

औषधांच्या ट्रेमध्ये चुका सर्वांत जास्त होतात, आणि इथे खरा आकार वापरावा. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, पहिल्या मिनिटात 10 युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत. हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्याकडे सर्रास मिळणारी अँप्यूल 1 मिलीची, 5 युनिटची असते. म्हणजे दोन फोडायच्या. लॅबमध्ये ‘ऑक्सिटोसिन 10 युनिट’ असं लेबल लावलेली एकच बाटली ठेवली, तर ही चूक सरावात कधी दिसणारच नाही आणि लेबर रूममध्ये पहिल्याच रात्री होईल. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडचंही तेच: 1 ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत हळू, प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत. 500 मिलिग्रॅमच्या अँप्यूल असतील तर दोन. मेथर्जिनच्या (गर्भपिशवी आवळणारं, पण बीपी वाढवणारं औषध) अँप्यूलवर हात जातो का ते मुद्दाम पाहावं, आणि बीपी वाढलेल्या बाळंतिणीचा एक प्रसंग त्यासाठी राखून ठेवावा. सरावाच्या अँप्यूलमध्ये पाणी भरताना प्रत्येकीवर ‘फक्त सरावासाठी’ असं ठळक लिहावं, आणि संध्याकाळी मोजून कुलपात ठेवावं. ती लॅबबाहेर जाऊन खऱ्या औषधांत मिसळणं हा सरावातला सर्वांत वाईट अपघात.

त्याआधीच्या दोन गोष्टी हटकून राहतात. एक म्हणजे हाक मारणं. विद्यार्थिनी एकटीच धावपळ करते, मदतीला बोलावत नाही. बोलावलं तरी ‘कोणीतरी या’ म्हणते. ‘सुनंदा, तू पिशवी चोळ, रेखा, ऑक्सिटोसिन 20 युनिट 1 लिटर आरएलमध्ये’ असं नाव घेऊन सांगायचं, आणि समोरचीने तेच शब्द परत म्हणायचे: ‘20 युनिट, आरएलमध्ये, लावलं.’ दुसरी म्हणजे लघवीची पिशवी. ती भरलेली असली की गर्भपिशवी वर ढकलली जाते आणि आवळत नाही. मामानॅटलीत ती पाण्याने भरता येते आणि कॅथेटर घालता येतो. ती दर वेळी भरूनच ठेवावी. रिकामी ठेवली तर विद्यार्थिनी ते विसरल्याचं कळायचं कसं?

रक्त हा या उपकरणाचा खरा पाठ. सोबतचा लाल रंग पाण्यात मिसळून टाकी भरायची. सराव सुरू होण्याआधी दहा मिनिटं बाजूला काढावी आणि डोळ्यांची परीक्षा घ्यावी. मोजपात्राने 500 मिली ओतून भरलेला किडनी ट्रे, 100 मिलीने भिजलेलं सॅनिटरी पॅड, आणि 500 मिली जमिनीवर ओतल्यावर होणारं साधारण 50 सेंटिमीटर रुंद थारोळं, तिन्हींचं माप झाकून ठेवायचं आणि प्रत्येकीला आकडा लिहायला सांगायचा. कपड्यात शोषलेलं रक्त डोळ्याला नेहमी कमी वाटतं. जमिनीवरचं थारोळं पाहून काही जणी घाबरून भलताच मोठा आकडा लिहितात. खऱ्या वॉर्डात 500 मिली ही धोक्याची रेघ ओलांडल्याचं अंदाजाने ठरवलं जातं, आणि तो अंदाज उशिरा येतो. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या मोठ्या चाचणीत मोजमापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर आणि सगळे उपचार एकदम सुरू करायची पद्धत वापरल्यावर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम खूपच घटले. तशी खुणांची चादर मामानॅटलीखाली घालून सराव केला, तर उपकरण आणि आजची पद्धत एकमेकांना जुळतात. चादर न मिळाली तर जाड पॉलिथिनची पिशवी कापून, त्यात 100 मिलीने पाणी ओतत मार्करने रेघा मारल्या तरी चालतं. मार्कर पिशवीवर, डमीवर नाही. त्याकडे पुढे येऊच.

आणि भाषा. नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत, पेशंट मराठीत, कधी अहिराणीत, कधी गोंडीत. प्लॅस्टिकच्या धडाशी बोलायची वेळच येत नाही, त्यामुळे तीन वर्षांत कोणी शिकवलेलं नसतं की ‘फुंडस’ला, म्हणजे गर्भपिशवीच्या वरच्या भागाला, बाळंतिणीपुढे काय म्हणायचं. मामानॅटलीत समोरची बाई विचारते, ‘ताई, वार पडली का?’, ‘मला गरगरतंय’, ‘माझं बाळ का रडत नाही?’ आणि विद्यार्थिनीचे हात चालू असताना तोंडही चालवावं लागतं. ‘ताई, तुमची पिशवी थोडी सैल पडलीय, मी चोळतेय, दुखेल थोडं, पाय सैल सोडा’ एवढं वाक्य सरावाशिवाय सुचत नाही. शिक्षिकेने आपल्या भागातल्या बाईसारखं बोलावं. दारात सासू म्हणून दुसरी शिक्षिका उभी करून ‘काय झालं, आम्हाला सांगा की’ असं मधेमधे विचारायला लावलं, तर सराव खऱ्याच्या जवळ जातो. पहिली पाच मिनिटं सगळ्या हसतात, विशेषतः पुरुष शिक्षकाने डमी बांधलं तर. हसू द्यावं. रक्त सुरू झालं की हसू थांबतं.

आता उणिवा. त्या बहुतेक घडणीतूनच आलेल्या आहेत, त्यामुळे घेण्याआधी माहीत असाव्यात.

आत बसलेली व्यक्ती शिकवू शकत नाही. तिला बाळ, वार, रक्त, पिशवी, कण्हणं, सगळं सांभाळायचं असतं. विद्यार्थिनीचे हात तिला खालून दिसतही नाहीत. म्हणून दुसरी शिक्षिका निरीक्षणाला लागतेच. एका ट्यूटरच्या भरवशावर चालणाऱ्या कॉलेजला हे परवडत नाही. मग वरच्या वर्गातल्या मुलीला बाळंतीण व्हायला शिकवावं लागतं, आणि ते शिकायला तिला दोन-तीन सराव लागतात. पाठीवर ताण येतो. सलग दोनपेक्षा जास्त फेऱ्या एकाच व्यक्तीने करू नयेत. आतल्या तपासणीने गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं हे नीट शिकवायला हे उपकरण नाही. टाके घालायलाही नाही. त्यासाठी स्पंज किंवा खास पॅड वेगळा. आणि किती सेकंदांत काय झालं याची आपोआप नोंद होत नाही, ती वहीत हातानेच. मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण केलं तर चर्चेला फार उपयोग होतो, फक्त ते गटाबाहेर जाणार नाही हे आधी सगळ्यांच्या देखत ठरवावं.

बाळासाठी निओनॅटली ही बाहुली जोडीला घ्यावी. दोन लिटर कोमट पाणी भरलं की हातात खरं दोन किलोचं, लुळं, मान टाकणारं बाळ येतं. रिकामी, हवा भरलेली बाहुली विद्यार्थिनी एका हातात धरते. पाणी भरलेली धरताना दुसरा हात आपोआप मानेखाली जातो. बाहेरचे रबरी फुगे दाबून रडणं, श्वास आणि नाळेतली नाडी चालवता येते. रडणारं बाळ आलं की सगळ्या खूश. म्हणून दर तिसऱ्या फेरीत रडवूच नये. कोरडं करणं, पाठ चोळणं, मग पहिल्या मिनिटाच्या आत अँबू (मास्कमधून श्वास द्यायची, हाताने दाबायची पिशवी). छाती वर येत नसेल तर नेहमीची कारणं अशी: मास्क गळतोय, मान खूप वाकलीय किंवा खूप ताणलीय, किंवा दाब कमी. विद्यार्थिनी बहुधा अँबू जोरात दाबायला लागते. मास्क पुन्हा बसवायला शिकवावं, जोर नंतर. लय ‘दाब, दोन, तीन’ अशी मोठ्याने म्हणत, मिनिटाला 40 च्या आसपास. वेळ मात्र घड्याळातच पाहावी. घाईत लय नेहमी दुप्पट होते.

बाजारात सगळे विचारतात ते पूर्ण शरीराच्या संगणकीय डमीबद्दल. ते वाईट नाहीत. पण त्यांना खोली, वीज, वातानुकूलन, वार्षिक देखभालीचा करार आणि चालवणारा माणूस लागतो. तो माणूस बदली होऊन गेला की डमी कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी फक्त चादर झटकून बाहेर येतं. अमेरिकेत 2014 च्या मोठ्या अभ्यासात दहा नर्सिंग कार्यक्रमांत वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनने बदलले, तरी विद्यार्थ्यांच्या निकालात फरक पडला नाही. हे वाक्य विक्रेते आवडीने सांगतात. त्याच अभ्यासातल्या शिक्षकांना चर्चा घेण्याचं खास प्रशिक्षण दिलेलं होतं, हे वाक्य ते गाळतात.

राखणीबद्दल थोडं, कारण उपकरण मरतं ते इथेच. सराव संपल्यावर टाकी आणि नळ्या साध्या पाण्याने दोनदा वाहवून काढाव्या. लाल रंग नळीत वाळला की पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडूनही रक्त येत नाही आणि नाट्य फसतं. बाळातलं पाणी त्याच दिवशी ओतून टाकावं. आठवडाभर ठेवलं की आत बुळबुळीत थर धरतो. बीटाडीन डमीवर कधीच नको. डाग जात नाही. बॉलपेन, मार्कर आणि छापील वर्तमानपत्रही तसंच. डमी कागदात गुंडाळून ठेवण्याची आपली सवय मोडावी, नाहीतर पोटावर बातम्या उमटतात. वंगण सोबतचं किंवा पाण्याचं. खोबरेल तेल आणि व्हॅसलिन नको. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात पट्टे पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरले तर महिन्याभरात बुरशी धरते. पंख्याखाली रात्रभर उघडं टांगावं. नाळेवर कात्री खरी चालवू देऊ नये, दोन चिमटे लावून नुसती दाखवावी.

एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी.च्या कॉलेजांनी, तसंच लेबर रूमच्या स्टाफचा दर महिन्याला सराव घेणाऱ्या रुग्णालयांनी हे घ्यावं. दोन शिक्षिका देऊ शकत नसाल तर थांबावं. टाके, आतली तपासणी किंवा अडलेली प्रसूती शिकवायची असेल तर दुसरं काही पाहावं. मागवताना बाळं दोन, लाल रंग वर्षभराचा आणि वार-नाळेचा एक जास्तीचा संच एकाच वेळी मागवावा. सुटा भाग नंतर मागवला की तो येईपर्यंत सेमिस्टर संपतं, आणि तोवर डमी बांधून बसलेली शिक्षिका वारेच्या जागी हाताशी असलेला टॉवेल गुंडाळून वेळ मारून नेते.